यंत्राला झोप लागू नये म्हणून

९ मार्च २०२१, मंगळवार
आज पुन्हा तेच. माई तांदूळ निवडत होती, मी इकडे वाचत बसले होते. बरोबर अर्ध्या तासाने पडदा काळा. माऊस हलवला, कळा दाबल्या. कॉम्प्युटर जागा झाला, पण माई गेलेली.
लगेच तिचा फोन. "कुठे गेलीस गं न सांगता?"
कुठे जाणार. या डच गावातल्या, झूटरमेरच्या फ्लॅटमधून सध्या सुपरमार्केटपलीकडे कोण जातंय?
शकुंतला कामाला यायची बंद झाली तेव्हापासून माई, माझी थोरली बहीण, मिरजेच्या घरात एकटी. एकोणऐंशी पूर्ण. लेकीची, मुक्ताची, कल्पना: "मावशीला रोज फोन करण्यापेक्षा व्हिडिओ कॉल सुरूच ठेव. दिवसभर." तिने दोन वर्षांपूर्वी माईला नेऊन दिलेला कॉम्प्युटर शिवणाच्या मशीनच्या टेबलावर आहे. तो आपोआप कॉल घेतो, असं तिनेच करून ठेवलंय. मी आमच्या साडेसातला लावते. आम्ही फारसं बोलत नाही. तिचा कुकर मला ऐकू येतो, माझा नळ तिला.
पण असं तुटलं की दर वेळी वाटतं, आता पुन्हा लागेल तेव्हा खुर्ची रिकामी असेल.

११ मार्च
मुक्ताला फोन. ती नायमेखनला, घरूनच काम. चिप्सच्या कंपनीत आहे, पण आमचा कॉम्प्युटर म्हटलं की सुस्कारा सोडते. ती इंग्रजीत नावं सांगते, आमच्या पडद्यावर सगळं डच, आणि माझ्या डोक्यात मराठी. 'स्लीप'ला इथे 'स्लापस्टांड' म्हटलंय. वीस वर्षं इथल्या लायब्ररीत पुस्तकं लावली म्हणून निभावतंय.
तीस मिनिटं कोणी हात लावला नाही की हा झोपतो म्हणे. तिथे 'कधीच नाही' असं केलं.
हे मागे उभे राहून बघत होते. "समोर माणूस नाही आणि यंत्र चालू, हे मला पटत नाही." यांना कधीच पटलेलं नाही. लहानपणी रत्नागिरीला वीज कडाडली की घरातली सगळी बटणं बंद करायची, ती सवय आजवर आहे. इथल्या भिंतीतल्या सॉकेटला बटणच नसतं, म्हणून बटण असलेली स्टेकरडोस शोधून आणलीय, सगळ्या वायरी एकाच पट्टीत. संध्याकाळी पायाच्या अंगठ्याने ती बंद केली की यांचा दिवस संपला.
म्हटलं, समोर माणूस आहे. मिरजेत आहे, एवढंच.

१५ मार्च
झोप गेली. आता डोळा मिटतो.
माई म्हणाली, "आवाज येतोय, पण तू दिसत नाहीस. अंधारात का बसलीस?" मी लख्ख उजेडात होते. कॅमेऱ्याची निळी टिकली विझलेली.
मु. म्हणाली, वायरीने जोडलेल्या ज्या वस्तूचा वापर होत नाहीसं त्याला वाटतं, तिची वीज तो काढून घेतो. त्याचीही एक टिक असते. शोधून काढली.
वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून ठेवतेय: कुठे गेले, काय होतं, काय केलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बिआट्रिस क्रोशाचा नमुना असाच लिहायला लावायच्या. आधीची ओळ लिहिल्याशिवाय पुढची विणायची नाही.
आई गेली तेव्हा माई सातवीत होती. तिची शाळा सुटली, माझी कॉन्व्हेंटची सुरू राहिली. हे असं कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की शनिवारी मी घरी येऊन शाळेत शिकलेला टाका माईला दाखवायचे, आणि रविवारपर्यंत तिचा हात माझ्याहून सफाईदार झालेला असायचा.

२२ मार्च
आज एक नवीनच खिडकी उघडली. 'सर्व्हिसेस'. शंभरावर नावं. पडद्यावर यांतलं काहीच दिसत नाही, पण कॉम्प्युटर लावल्यापासून ही सगळी मागे राबत असतात. एक छपाईची वाट बघतं, एक घड्याळ जुळवतं. घरात कोण काय करतं ते घर चालू असेपर्यंत कळत नाही, तसं.
त्यात एक सर्व्हिस यंत्र बनवणाऱ्यांनीच घातलेली, वीज वाचवणारी. नेट मंदावतं, चेहरा चौकोन चौकोन होतो, ते हिच्यामुळे. थांबवली. कॉम्प्युटर बंद करून परत लावला तर पुन्हा हजर.
मु. हसली. "थांबवून होत नाही आई. डिसेबल. नाहीतर ती सकाळी परत कामावर येते."
मग 'डिसेबल' केली. आणि उगीचच वाईट वाटलं.

२८ मार्च, रविवार
इथली घड्याळं पुढे गेली. माई आता साडेतीनच तास दूर. सकाळी सांगितलं तर म्हणाली, "चला, तासभर तरी जवळ आलीस. असंच येत राहा."
पाच तास सलग चालला आज कॉल. एकदाही तुटला नाही. तिने मला भेंडी चिरताना बघितलं आणि ओरडली, एवढी जाड चिरतात का. मिरजेहून.

२ एप्रिल
गुड फ्रायडे. लहानपणी आज शाळेत घंटा वाजायची नाही, लाकडी टाळी वाजायची.
जरा धीट झालेय. मुक्ताला न विचारता आणखी तीन सर्व्हिसेस बंद केल्या, ज्यांच्या वर्णनात ऊर्जा, बचत, वेग असलं काही दिसलं त्या. आता हा कशानेही झोपायचा नाही. चित्र अगदी काचेसारखं. माईच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. तिथला पंखा जोरात असतो, पान सारखं फडफडतं.
हे म्हणाले, "इंजिनियर मी की तू?"
माई सकाळपासून खाकरत होती. विचारलं तर पावडर उडाली म्हणाली. कसली पावडर, ते नाही सांगितलं.

६ एप्रिल, मंगळवार
नीट लिहिते.
अकराच्या सुमारास कॉम्प्युटर एकदम बंद पडला. झोपला नाही, मेला. बटण दाबलं, काही नाही. माईला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पुन्हा. पुन्हा. सतरा वेळा.
मग तिच्या समोरच्या घरातल्या शेखमास्तरांना लावला. तंबोरे बनवतात, बाबांच्या वेळेपासूनची ओळख. त्यांचा फोन लागायलाच तास गेला. ते जाऊन कडी वाजवत राहिले. शेवटी माईने आतून दार उघडलं. मागच्या खोलीत झोपली होती. अंगात ताप. कालपासून. मला सांगितलं नव्हतं.
सगळं मिळून पावणेतीन तास.
तोवर इकडे यांनी खाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि मागे घेतला. "तवा झालाय."
कव्हर. माईने केलेलं कव्हर. आम्ही इथे आलो तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती एक शिवून पाठवते: मिक्सर, टीव्ही, आणि हा डबा. आत जुन्या पातळाचं दुपदरी अस्तर, कडेला क्रोशाची नक्षी, बटणापुरती चीर. चारी बाजूंनी बंद. धूळ बसू नये म्हणून. गेली चार वर्षं हा त्या दुलईत चालतोय आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तापला की तो आपला आपण सावकाश व्हायचा. त्याला सावकाश करणारी, पंख्याचा वेग सांभाळणारी जी कोणी आत होती, ती मी शुक्रवारी काढून टाकली.
मुक्ताला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आई, ती त्याला जपत होती."
तिन्ही परत सुरू केल्या. कव्हर काढलं. उघडा डबा फार वाईट दिसतो.

९ एप्रिल
माईचा रिपोर्ट आला. आहे.
तिच्या डॉक्टरांनी फोनवर औषधं सांगितली. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र घ्या, ब्याण्णवच्या खाली गेलं की थांबू नका, म्हणाले. शेखमास्तरांनी ते आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. मला सगळं दिसत होतं. कधी वाटतं, इतकं दिसायला नको होतं.
माईला चष्मा लावूनही त्यातला आकडा धड दिसत नाही. म्हणून असं ठरवलं: तिने बोट कॅमेऱ्यासमोर धरायचं, मी वाचायचं. दर दोन तासांनी. मी आखलेल्या वेळांच्या तक्त्याकडे ती बघत नाही, पण कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखी बोट मात्र वेळेवर आणते.
९५. ९५. ९४. ९५.
विमानं असूनही नसल्यासारखी. मी गेले तरी तिकडे दाराबाहेरच उभी राहीन.

१३ एप्रिल, पाडवा
मी इथे खिडकीत गुढी उभारली, झाडूच्या दांड्याला. माईला दाखवली. तिने पडल्या पडल्या हात जोडले आणि म्हणाली, कलश तिरका आहे.
मास्तर दारातून विचारत होते, "काठी उभी करून देऊ काय बाई? उद्यापासनं माझे रोजे हायत, मग ताकद कमी." माई नको म्हणाली. तरी त्यांनी तंबोऱ्यासाठी आणलेल्या लाकडातली एक पट्टी फाटकाला बांधली, वर कडुलिंबाचा डहाळा.
९४. ९४. ९३. ९४.
हे संध्याकाळी विजेच्या पट्टीजवळ गेले, उभे राहिले, परत आले. बंद केली नाही.

१६ एप्रिल
आज माझ्याकडून काय झालं असतं.
सकाळपासून ९४. दहाला ९४, बाराला ९४. माईचा आवाज: "दाखवते हं." बोट समोर, आकडा स्पष्ट. मी खूश. यांना हाक मारून सांगितलं, स्थिर आहे. खिचडी टाकायला उठले, आणि उठता उठता काहीतरी खटकलं.
कॅलेंडरचं पान हलत नव्हतं.
पंख्याचा आवाज येतोय, पान मात्र भिंतीला चिकटल्यासारखं. माई खोकली, पण पडद्यावरचं तिचं तोंड मिटलेलं. चित्र दहाच्या सुमारासचंच होतं. आवाज आजचा, चेहरा मघाचा. दोन तास मी नुसत्या आवाजावर होते, आणि बाराला जुन्या बोटावरचा जुना आकडा वाचला.
"माई, आकडा तूच वाच."
"मला दिसत नाही गं."
"भिंग घे. देवाजवळ आहे."
किती वेळ लागला. नऊ, म्हणाली. नऊ आणि पुढे... तीन आहे की आठ? तीन. त्र्याण्णव.
आज त्र्याण्णव होतं म्हणून. उद्या नसेल.
मु. म्हणाली, तिकडच्या कॅमेऱ्याचंही तेच, इथे मार्चमध्ये झालं होतं ते, फक्त इथे काळं झालं आणि तिथे शेवटचं चित्र अडकलं. तिकडे कोणीतरी बसून टिक काढायला हवी. कोण बसणार? मास्तरांना घरात पाऊल टाकू देणार नाही, माई म्हणाली, त्यांच्या घरी नातवंडं आहेत.

१७ एप्रिल, शनिवार
माईने केलं.
आधी म्हणाली, मला ते इंग्रजी नाही यायचं, माझी सातवी. मी म्हटलं, इंग्रजी नको, टाके मोज. मागचं पान उघडून बसले. फोन तिच्या कानाशी, चष्म्यावर भिंग.
"खालच्या कोपऱ्यात चार खिडक्यांचं चित्र. त्यावर उंदराचं उजवं बोट."
"दाबलं."
"यादी आली? वरून मोजत ये. मी सांगेन तिथे थांब."
अक्षरं एकेक वाचत गेली. डी, इ, व्ही. मध्ये दम लागायचा, थांबायची, मी ऐकत राहायचे. एकदा सगळं मिटलं. "उसवलं" म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरू केलं. चाळीस मिनिटं. शेवटी ती टिक.
"काढली. आता?"
"आता 'ओके'."
"झालं? की अजून एक ओळ आहे?"
मी म्हटलं झालं. पडद्यावर बघितलं तर पान फडफडत होतं, आणि माई थेट माझ्याकडे बघत होती, केस विस्कटलेले, भिंग अजून हातात. दमली होती, पण तोंडावर तो जुना रविवारचा भाव, टाका जमल्याचा.
"शनिवारी तू शिकवायचीस तेव्हा," ती म्हणाली, "मला वाटायचं, मीही तिथेच जाऊन आले."
मी खोकल्यासारखं केलं.

२० एप्रिल
९३. ९२. ९२.
तिला खायला नको वाटतं. मी इकडे ताट घेऊन बसते म्हणजे ती दोन घास घेते. लहान मुलासारखं. मी तिसऱ्यांदा जेवले आज.

२१ एप्रिल, बुधवार
सकाळी ९१. मग ९०. खरा आकडा, पान हलत असताना.
डॉक्टरांना फोन. खाट नाही. मास्तरांनी किती ठिकाणी विचारलं कोण जाणे, रोजा धरून उन्हात फिरले. आमच्या बाराला आले. "मिळाली बाई. गाडी बी आणलीय. काय घेऊ नका जास्ती."
माईने पातळ बदललं. वेणी घातली. या अवस्थेत वेणी. पिशवीत चष्मा, भिंग, तिचा डबा. मग टेबलाजवळ आली, आणि हात सवयीने बाजूच्या खुर्चीकडे गेला, कव्हरकडे. तिच्या कॉम्प्युटरचं, हिरव्या क्रोशाचं. घराबाहेर पडायचं म्हणजे झाकून पडायचं, ही तिची आयुष्यभराची रीत.
"माई, झाकू नकोस."
तिने कव्हर हातात धरलं. माझ्याकडे बघितलं. मग नीट चौघडी करून खुर्चीवर ठेवलं.
"राहू दे जागं," म्हणाली. "मी येते."
दाराचा आवाज. गाडीचा. मग फक्त पंखा. तोही बंद करायला विसरली, किंवा नाही विसरली.

२२ एप्रिल
दवाखान्यात फोन लागत नाही, माईला तिचा फोन उचलवत नाही. नातेवाइकांनी आत यायचं नाही. मास्तरांनी असं ठरवलंय: रोज दुपारी ते फाटकाशी जाऊन चौकशी करणार, मग माईच्या घरी येऊन कुंड्यांना पाणी घालणार आणि तिथल्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून मला सांगणार. मी म्हटलं, फोनवर सांगा, कशाला त्रास. म्हणाले, "असलं तोंड बघून सांगावं नलूताई."
त्यांच्या पाचच्या सुमारास. आमचा दीड.
आज: ऑक्सिजन लावलाय. शुद्धीवर आहे. नर्सला म्हणाली म्हणे, चादरीची कड उसवलीय, सुई आहे का.

२५ एप्रिल
मुक्ताने विचारलं, रिकामी खोली दिवसभर चालू ठेवण्यात काय अर्थ? दीडला लावत जा, बाकी वेळ झोपेचं ते सगळं परत सुरू कर, दोन्ही यंत्रं जुनी आहेत. तिचं बरोबर आहे. नाही म्हटलं.
तिकडचा एकदा झोपला आणि नाही उठला तर त्याला उठवणारं कोणी नाही.
मग मुक्ता डचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि मराठीत म्हणाली, "बरं, मी पण बघत बसते तुझ्याबरोबर." ती नायमेखनहून त्याच कॉलमध्ये आली. आम्ही दोघी तासभर मिरजेतली भिंत बघत बसलो. तिने विचारलं, त्या कॅलेंडरवर मावशीने काय काय लिहिलंय. दुधाचे खाडे, म्हटलं.
मास्तर: तसंच आहे.

२७ एप्रिल
इथल्या राजाचा वाढदिवस. दर वर्षी खाली मुलं जुनी खेळणी मांडून बसतात. यंदा फूटपाथ रिकामा. कोणाच्या तरी बाल्कनीत एक नारिंगी पताका.
मी सुपरमार्केटमधून आले तर हे कॉम्प्युटरसमोर बसलेले. पेपर बाजूला ठेवून, ताठ. "तू नव्हतीस म्हणून मी बसलो," म्हणाले. पट्टीच्या बटणावर चिकटपट्टी लावलीय, वर यांच्या बारीक अक्षरात: बंद करू नये.
खालून डब्याला हात लावून बघितला. गार होता.
मास्तर: ऑक्सिजन वाढवलाय. जास्त काही सांगत नाहीत. मास्तर आज फार वेळ माझ्याकडे न बघता उभे होते.

३० एप्रिल
मास्तर: सकाळी डोळे उघडले. हाताने काहीतरी खूण केली, नर्सला कळलं नाही. कशी खूण, विचारलं. त्यांनी करून दाखवली: अंगठा आणि पहिलं बोट, आत, बाहेर, आत.
मला कळली. क्रोशाचा टाका.

१ मे, शनिवार
आज वही इथेच घेऊन बसलेय.
दीड वाजला. मास्तर आले नाहीत.
पावणेदोन. दोन. फोन लावला, उचलत नाहीत. यांनी चहा आणून ठेवला, तो तसाच. मुक्ता कॉलमध्ये आहे, तिचा कॅमेरा बंद, पण श्वास ऐकू येतो.
खोली तशीच. खुर्चीवर हिरवी चौघडी. भिंतीवर अजून एप्रिल, उलटायला कोणी नाही. पान हलतंय. म्हणजे चित्र आत्ताचं आहे. एवढं एक मला नक्की कळतं. मी दर मिनिटाला ते बघते.
सव्वादोन.
पान एकदम जोरात उडालं, पार भिंतीपासून सुटल्यासारखं. म्हणजे दार उघडलं. चपला काढल्याचा आवाज. मास्तर अजून चौकटीत आलेले नाहीत.